वाढत्या अंगाची स्नोमोबाइल

माझ्या लहानपणी आमच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नाही. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे आणि पुढे कापूस कोंबलेले. माझी पहिली सायकल तर इतकी वाढत्या अंगाची होती की दोन वर्षं मी ती मधल्या दांडीखालून पाय घालून, एका बाजूला लोंबकळत चालवली. गणवेश अंगाला नीट बसू लागला की समजावं, आता तो विरून फाटणार. हे तत्त्व माझ्या हाडात इतकं भिनलं आहे की पन्नाशी उलटल्यावर, स्कॉटलंडमधल्या एका खेड्याच्या हॉलमध्ये उभं राहून, मी ते एका स्नोमोबाइलला लावलं. भाषण फार सुंदर झालं. लोकांचे डोळे पाणावले म्हणणं जास्त होईल, पण एका बाईंनी नाक पुसल्याचं मी पाहिलं.

आम्ही ग्लासगोत राहतो. मी बँकेत सॉफ्टवेअर सांभाळतो आणि दर गणपतीत मंडळाचं नाटक बसवतो, म्हणजे माझा खरा धंदा दुसरा. बायको हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. उंची पाच फुटांना इंचभर कमी. तो इंच ती मान्य करत नाही. मुलगी शिकायला मँचेस्टरला गेली आणि घर एकदम गप्प झालं, त्या हिवाळ्यात बायकोला कुणीतरी सांगितलं की उत्तरेला एक छोटा स्की क्लब आहे, सगळा हौशी मंडळींनी चालवलेला. एक डोंगर, वर ओढून नेणारा एक दोर, पायथ्याशी एक लाकडी खोली. आम्ही गेलो. बायको महिनाभरात स्की शिकली. मी पहिल्याच दिवशी एका मेंढीला धडकलो आणि कायमचा चहाच्या खिडकीत गेलो. तिथे मी चहा देतो आणि बटाटेवडे तळतो. ओल्या मोज्यांनी रांगेत उभे राहिलेले स्कॉटिश लोक वडा पहिल्यांदा चावतात तेव्हाचा चेहरा बघायला मी आजही तिकीट काढून जाईन. आम्ही कोण, कुठले, इथे किती दिवस राहणार, असं त्या लोकांनी काही विचारलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, चहा करता येतो का. इतक्या साध्या प्रश्नावर कुणी आपलंसं करून घेतं, हे माझ्यासारख्या बडबड्यालाही कुठे सांगता येत नाही.

डॉक्टर म्हटल्यावर बायको क्लबच्या मदत पथकात गेली. डोंगरावर कुणी पडलं की स्नोमोबाइल घेऊन वर जायचं, जखमी माणसाला मागच्या स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर, बांधायचं आणि खाली आणायचं. स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की, वर मोटारसायकलसारखी सीट, आणि खाली चाकांऐवजी रबराचा एक रुंद, अखंड पट्टा. त्या पट्ट्याला दात असतात. तो गरगरत बर्फ मागे फेकतो आणि गाडी पुढे जाते. ती चालवताना बायको जशी दिसते तशी मी तिला दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. हॉस्पिटलमध्ये दिवसभर लोकांना झोपवणारी ही बाई तिथे पूर्णपणे जागी असते. एकच अडचण होती. गाडीची किल्ली खोलीत दाराच्या वर, एका उंच खिळ्यावर टांगलेली असे, आणि तिला दर वेळी स्टूल ओढावं लागे.

मागच्या वसंतात ती जुनी गाडी एक मोठा उसासा टाकून मेली. दुसरी घ्यायची ठरली. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात गावच्या हॉलमध्ये बैठक भरली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, सरळसोट आणि देवदारासारख्या उंच. त्यांच्या शेजारी ज्याच्या जमिनीवर तो डोंगर आहे तो मेंढ्यांचा शेतकरी. बायको आणि तो, दोघं गाडी चालवणारे. विक्रेता स्पीकरफोनवर होता. त्याच्याकडे वापरलेल्या दोन डोंगरी गाड्या होत्या, एकीचा पट्टा एकशे सेहेचाळीस इंच, दुसरीचा एकशे पासष्ट.

"बर्फ किती खोल असतं?" त्यानं विचारलं.

"कमरेएवढं," अध्यक्षबाई म्हणाल्या. मी तिथे इतके हिवाळे काढलेत. गुडघ्याच्या वर बर्फ मी वाऱ्यानं साठवलेल्या ढिगातच पाहिलं आहे.

"आणि चालवणाऱ्याचं वजन?"

शेतकऱ्यानं पोट आत घेतलं. फोनवर दिसत नाही हे त्याला माहीत होतं, तरी घेतलं. "तेरा स्टोन," तो म्हणाला. या देशात माणसं अजून स्टोनमध्ये मोजतात; तेरा म्हणजे साधारण ब्याऐंशी किलो.

बायकोला कुणी विचारलं नाही. ती संत्रं सोलत होती.

विक्रेता म्हणाला, लांब पट्टा वजन जास्त जागेवर पसरतो, म्हणून खोल बर्फावर तरंगतो आणि चढ सहज चढतो. आखूड पट्टा चटकन वळतो. आणि मग मी उभा राहिलो. एकशे पासष्ट इंच म्हणजे आमच्या पाचवारी साडीहून जेमतेम हातभर कमी, असं मी सुरुवातीलाच सांगितलं, त्यामुळे विषयाला भारदस्तपणा आला. मग गणवेश, बूट, कापूस, सायकल. उरलं तर उरेल, पण कमी पडलं तर डोंगरावर जोडून कोण देणार? टाळ्या पडल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या की हे शहाणपण स्कॉटिशच आहे.

परतीच्या वाटेवर बायकोनं उरलेलं संत्रं संपवलं.

"छान बोललास," मग ती म्हणाली.

"पण?"

"पण काही नाही. यंदापासून मी मागे बसत जाईन. चालवायला तो आहेच की."

मी गाडी बाजूला घेतली.

"लांब पट्टा हँडलनं वळत नाही रे," ती म्हणाली. "अंग टाकून गाडी एका कुशीवर आणावी लागते. शेजारच्या क्लबची एकदा चालवली होती मी. टाकायला मला अंग कुठंय?"

"मग तिथे का नाही बोललीस?"

"तू जागा ठेवली होतीस का?"

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. ती चालवणं सोडणार होती, आणि ते सोडायला तिला माझ्याच टाळ्यांनी लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षबाईंना फोन केला आणि गंभीर आवाजात सांगितलं की आमच्यात वस्तू चालवून बघितल्याशिवाय घेत नाहीत. परदेशी चालीरीतींचा त्या फार मान ठेवतात. जानेवारीत चांगलं बर्फ पडल्यावर विक्रेता दोन्ही गाड्या ट्रेलरवर घालून हजर झाला.

आधी शेतकरी लांब पट्टेवाली घेऊन गेला. गेला आणि आला, अगदी झोकात. मग बायको त्याच गाडीवर बसली. चढ ती अशी चढली की खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. वर मात्र बर्फ अडवायला लाकडी कुंपणाच्या दोन रांगा आहेत आणि त्यांच्या मधल्या बोळात गाडी वळवावी लागते. तिथे ती वळली नाही. बायको एका बाजूला अख्खी लोंबकळली, थेट माझ्या सायकलवर मी लोंबकळायचो तशी, आणि गाडी तिला दाद न देता सरळ माथ्यापलीकडे गेली. आवाज लहान होत होत विरला.

"कुठे चालल्या?" विक्रेत्यानं विचारलं.

"पर्थला, बहुतेक," शेतकरी म्हणाला. हे पर्थ ऑस्ट्रेलियातलं नव्हे, डोंगरापलीकडचं.

बऱ्याच वेळानं ती डोंगराला पूर्ण वळसा घालून पायथ्याच्या रस्त्यानं परत आली. हेल्मेट काढून केस नीट केले.

आता आखूड पट्टा. शेतकरी बसला, निघाला, आणि पहिल्याच मऊ ढिगात गाडीनं शेपूट खाली घातलं. पट्टा जागच्या जागी फिरत खड्डा खणत राहिला आणि आमचा माणूस हळूहळू, सन्मानानं, बर्फात उतरला. चौघांनी दोर लावून त्याला बाहेर काढलं.

"झालं तर मग," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आखूड इथे चालणार नाही."

"तुमचं वजन किती?" बायकोनं शेतकऱ्याला विचारलं.

"तेरा स्टोन."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. ही नजर मला ठाऊक आहे. ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाकडे ती अशी बघते, कारण भुलीचं औषध वजनावर ठरतं.

"एकशे पाच किलो," ती म्हणाली. "साडेसोळा स्टोन. बूट धरून सतरा."

शेतकऱ्याचे कान लाल झाले.

"वाईट वाटून घेऊ नका. सगळेच कमी सांगतात. मी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर निम्मे पेशंट अर्ध्यात उठून बसले असते." मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "हा बहात्तर सांगतो. अठ्ठ्याहत्तर आहे."

"वडे चाखून बघावे लागतात," मी म्हणालो.

"आणि मी सेहेचाळीस. माझ्याखाली आखूड पट्टा बुडणार नाही. स्लेजचं ओझं मागे ओढायचं असतं, पट्ट्यावर बसवायचं नसतं. दाखवते. पेशंट हवाय."

माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम भूमिका मला अशी अचानक मिळाली. मी स्लेजवर आडवा झालो, पट्ट्यांनी बांधला गेलो आणि कण्हू लागलो. गाडी निघाली. तोंडावर बर्फाचे कण, वर फक्त राखाडी आभाळ, आणि पुढे तिची लहानशी पाठ. तो मऊ ढीग आला आणि आम्ही त्याच्यावरून सरकून गेलो. बोळात शिरल्यावर मी कण्हायचं विसरलो. तिनं गुडघा सीटवर टेकवला, कंबर जराशी झुकवली, आणि गाडी वळली. काही विशेष घडल्यासारखं वाटलंच नाही, इतकी सहज.

"जिवंत आहेस का?" तिनं मागे न बघता विचारलं.

"डॉक्टर चांगल्या आहेत म्हणून."

ती हसली. हेल्मेटच्या आत असलं तरी खांद्यांवरून कळतं.

खाली येईपर्यंत कुणाला काही ठरवायचं उरलं नव्हतं. शेतकरी स्वतःच विक्रेत्याला म्हणाला, "आखूड उतरवून ठेव. डॉक्टर चालवतील. मला ट्रॅक्टर पुरे, तो मला काही विचारत नाही." अध्यक्षबाईंनी माझ्या भाषणाचा उल्लेख टाळला. हा त्यांचा मोठेपणा.

गाडीची पूजा आम्ही केली. लिंबू चाकाखाली ठेवायचं, पण चाकच नाही, म्हणून पट्ट्याखाली ठेवलं. शेतकऱ्यानं टोपी काढली. नारळ फुटेना तेव्हा तोच हातोडी घेऊन आला.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा खोलीत अजून कुणी नव्हतं. मी तेल तापायला ठेवलं. बायको सवयीनं स्टूल ओढायला वळली आणि थांबली. दाराच्या वरचा जुना खिळा उपटलेला होता. किल्ली खाली, तिच्या खांद्याच्या उंचीवर, एका नव्या खिळ्याला टांगलेली होती. ठोकणाऱ्याला वाकावं लागलं असणार, दोन-तीन घाव चुकल्याच्या खुणा लाकडावर होत्या. तिनं किल्ली काढली, खिळ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि बाहेर गेली.

शेतकरी आला तेव्हा इंजिनचा आवाज वर कुंपणापाशी पोचला होता. आम्ही दोघांनी कान दिले. आवाज वळला. मग मी त्याच्यापुढे बशी सरकवली, दोन वडे घातले, आणि तिसरा त्यानं मागायच्या आत ठेवला.