नको म्हणणाऱ्या साहेबांचा सत्कार

हा किस्सा मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण आमच्या डाळज गावात कुणीही तो तुम्हाला तिखटमीठ लावून सांगेल, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी. नको? असं कसं नको? अर्धा कप तरी घ्या.

तर पहिली गोष्ट, माझं नाव एका इंग्रजी पुस्तकात छापून आलंय. लंडनात छापलेलं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. भिगवणपासून इंदापूरपर्यंत असा दुसरा माणूस असेल तर दाखवा. मी तेहतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. शिवाय आमच्या भागातला कुठलाही सत्कार माझ्या सूत्रसंचालनाशिवाय पार पडत नाही. हे आपल्याच तोंडानं सांगणं बरं दिसत नाही, म्हणून एकदाच सांगतो.

झालं असं, की माझी जुनी विद्यार्थिनी सायली, ती आता पुण्यात पत्रकार आहे, तिचा एक दिवस फोन आला. एक इंग्रज लेखक भारतात आलेत म्हणाली, हॅरल्ड साहेब. वय पंचाहत्तर. सगळी हयात वर्तमानपत्रात लिहिण्यात गेली, आणि लिहिलं ते एकाच गोष्टीवर. माणसाला त्याच्या मनाप्रमाणं जगू द्या. सरकारनं काय किंवा शेजाऱ्यानं काय, कुणी कुणावर सक्ती करू नये. आता ते शेवटचं पुस्तक लिहीत होते, आणि त्यासाठी त्यांना अशी माणसं बघायची होती, जी सरकारला न विचारता आपला कारभार आपणच नीट चालवतात.

"सर, मला आपली सामाईक विहीर आठवली," सायली म्हणाली.

आता ही विहीर काय ते सांगतो. आमच्या वस्तीवर आठ घरांत मिळून एक विहीर आहे. पाण्याची बारी ठरलेली. ज्याची बारी संपली, त्यानं स्वतः जाऊन कॉक फिरवायचा आणि पुढच्याच्या रानात पाणी सोडायचं. कागद नाही, शिक्का नाही, अध्यक्ष नाही. चाळीस वर्षांत एकदा भांडण नाही. साहेबांना फक्त विहिरीवर बसून दुपारी बाराला बारी बदलताना बघायची होती, आणि मी त्यांना इंग्रजीत चार गोष्टी समजावून द्यायच्या होत्या. सायली म्हणाली, जमलं तर तुमचं नाव पुस्तकात येईल.

संपलं. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. लंडनच्या पुस्तकात नाव! माझ्या विद्यार्थ्यांची नावं लग्नपत्रिकेच्या पुढं गेलेली नाहीत हो.

सायलीनं मोबाईलवर साहेबांची सगळी माहिती पाठवली. शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं, हार, शाल, भाषण यांतलं काहीही नको. मी ते मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना दाखवलं. ती म्हणाली, नको म्हणतायत तर नका करू.

पण मला सांगा, आपल्याकडं नको कोण म्हणत नाही? पंगतीत जिलेबी आली की माणूस ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, आणि वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतोच. न सोडली तर तोच माणूस वर्षभर नावं ठेवतो. फेट्याला तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा मान पुढं करायची, ही तर रीतच आहे. आणि साहेबांच्या माहितीतच मला पुरावा सापडला. राजवाड्याकडून मिळणारा मोठा किताब त्यांनी नाकारला होता. मी मंदाला म्हटलं, बघ, यांनी रीतीप्रमाणं नको म्हटलं आणि त्या लोकांनी पुन्हा विचारलंच नाही. म्हाताऱ्याच्या मनाला केवढं लागलं असेल. आपण ती चूक करायची नाही.

मंदानं कपाळावर हात मारला आणि कणीक मळायला गेली.

मी विहिरीच्या खालच्या अंगाला मंडप घातला. फ्लेक्स लावला, माईक आणला. आता स्टेज म्हटलं की खुर्च्या आल्या, आणि खुर्च्या आल्या की त्या भरायला माणसं आली. म्हणून तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आणि हवालदार अशा चौघांना वर बसवलं. सरकार नसलेली विहीर बघायला येणाऱ्या माणसासमोर मी अख्खं सरकार मांडून ठेवलं होतं, पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात येतंय? आठही घरांची माणसं पहिल्या रांगेत. त्यांना बजावलं, कार्यक्रम संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. पाहुण्यांसमोर मधूनच उठणं हा अपमान असतो.

साहेब आले. साधा शर्ट, डोक्यावर कापडी टोपी, हातात वही. मंडप दिसताच थबकले. तेवढ्यात हलगी सुरू झाली. सायली माझ्याकडं असं बघत होती, की मी तिच्या नजरेला नजरच दिली नाही. साहेबांना हाताला धरून वर नेलं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि फेट्याचं कापड पुढं केलं. ते म्हणाले, "नो, थँक यू." मी मनात मोजलं, एक.

फेटा बांधायला बबन होता. हाही माझाच विद्यार्थी, आता पन्नाशीला आलेला. विहिरीच्या आठ घरांतलं एक घर त्याचं, आणि फेटा बांधावा तर त्यानंच. तो माझ्या कानाशी लागला. "सर, म्हातारा मान हालवतोय. नको म्हनतोय त्यो."

"किती वेळा म्हणाले?"

"दोनदा."

"मग तिसऱ्यांदा म्हणू दे आणि बांध. बबन, एवढा मोठा झालास, तुला कळत नाही? मोठ्या माणसाचं नको म्हणजे आणखी आग्रह करा."

बबननं मान डोलावली. दोघा पोरांनी साहेबांचे खांदे प्रेमानं धरले आणि त्यानं फेटा बांधला. थोडा सैल झाला, म्हणून बबनला तो मागून धरून उभं केलं.

मग मी माईक हातात घेतला. साहेबांचा जीवनपट असा मांडला की विचारू नका. गिरणीच्या गावात जन्म, वडील बसचे कंडक्टर. ऐन पंचविशीत मोठ्या पेपरची नोकरी सोडली, कारण संपादकानं न विचारता त्यांचं एक वाक्य बदललं. टाळ्या. सरकारी फॉर्म भरणार नाही म्हणून कोर्टात उभे राहिले. तलाठ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध लेखामागून लेख लिहिले. यावर मंडपात जी शिट्टी पडली, ती हवालदारांनी ऐकली नाही असं दाखवलं. शेवटी मी आवाज चढवला आणि म्हणालो, या माणसानं पन्नास वर्षं जगाला एकच गोष्ट सांगितली, की कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध काहीही करायला लावू नका.

नेमका तेव्हाच फेटा साहेबांच्या डोळ्यांवर आला आणि बबननं तो मागून ओढून धरला. सायली त्यांच्या कानात माझं भाषण इंग्रजीत सांगत होती. साहेबांचे खांदे गदागदा हलायला लागले. मला वाटलं, गहिवरले.

या नादात बारा कधी वाजून गेले ते कळलंच नाही. बाराला बबनची बारी संपत होती. त्यानं जाऊन कॉक फिरवायचा आणि पाणी किसन आबांच्या रानात सोडायचं. बबननं मला दोनदा खूण केली. मी हातानंच सांगितलं, हलू नकोस. मी रंगात आलो होतो.

साडेबाराला खुर्च्यांखाली पाणी आलं. बबनचा ऊस तुडुंब भरून पाणी बांधावरून उतरलं आणि उताराला लागून सरळ मंडपात शिरलं. स्टेजवरच्या सरकारनं पाय वर घेतले. किसन आबा, आठ घरांतले सगळ्यात वडील, काठी टेकत उठले. "बबनराव, चाळीस वर्सांत आसं कंदी झालं न्हाय," एवढंच म्हणाले. बबन म्हणाला, सरांनी हलूच दिलं न्हाय. शब्दानं शब्द वाढला. समोर आयताच तलाठी बसलेला, त्यामुळं आबा गेले त्याच्याकडं. तलाठी सवयीनं म्हणाला, लेखी अर्ज द्या. आमच्या विहिरीचा पहिला कागद त्या दिवशी झाला. साहेब फेटा एका हातानं सावरत वहीत लिहीत होते, पान उलटून लिहीत होते.

जेवायला धरणाच्या बॅकवॉटरचे मासे होते. त्यांनी दोनदा नको म्हटलं, मी तीनदा वाढलं. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुम्हाला मी विसरणार नाही. मी मंदाला म्हटलं, बघितलंस?

सात-आठ महिन्यांनी पार्सल आलं. पोस्टमननं माझ्या आधी गावाला सांगितलं. मी पुस्तक उघडेपर्यंत माझा सत्कार ठरलासुद्धा, रविवारी, विहिरीवर.

मग मी घरात बसून माझं पान शोधलं. धड्याचं नाव होतं 'सक्ती'. साहेबांचा मजकूर असा, की मी पन्नास वर्षं सरकारांशी भांडलो, पण कुठल्याही सरकारला माझ्या डोक्यावर काही बांधता आलं नाही. ते एका निवृत्त मास्तरांनी करून दाखवलं. चाळीस वर्षं सरकारशिवाय चाललेली विहीर बघायला मी गेलो होतो. ती त्यांनी माईकवरून तासाभरात बंद पाडली. खाली माझं नाव, आडनावासकट.

खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंदानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव मात्र बरोबर छापलंय हं."

मी तसाच चपला घालून बबनकडं गेलो. म्हटलं, सत्कार नको. तो हसला. रविवारी सकाळी पुन्हा सांगितलं, बबन, नको. तो म्हणाला, व्हय व्हय, आणि मला हाताला धरून घेऊन गेला. अख्खी वस्ती मंडपात. पुण्याहून सायली आलेली. तिच्या हातात पुस्तक, त्यात खूण घालून ठेवलेली. मी ते पान वाचून सगळ्यांना मराठीत समजावून सांगायचं, असं ठरलं होतं.

बबन फेटा घेऊन पुढं आला. मी त्याचा हात धरला. "बबन, हात जोडतो. खरंच नको. अगदी मनापासून नको म्हणतोय."

"तीन झालं," बबन म्हणाला, आणि दोघांनी माझे खांदे प्रेमानं धरले. "सर, मोठ्या मानसाचं नको म्हंजी काय, ते तुमीच शिकवलंय न्हवं आमाला?"

मी मान पुढं केली.