शेवटच्या ओळीतला एकटा शब्द

पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आमची लेक मुक्ता संगणकावर जुळवत होती. तिचा व्यवसाय डिझाइनचा, माझा मागे उभं राहून चुका काढण्याचा. मजकुरातला ‘विनंती’ हा शब्द तेवढा घसरून शेवटच्या ओळीत एकटाच पडला होता.

“ही विडो वाईट दिसतेय,” ती पुटपुटली.

नवा शब्द कानावर पडला की तो चारचौघांत फोडून सांगायची मला भारी हौस. शेजारी वहिनी, म्हणजे नवरदेवाची आई, अक्षतांचे तांदूळ निवडत होत्या. “ऐकलंत का वहिनी? एकट्या उरलेल्या शब्दाला हे लोक विधवा म्हणतात,” मी हसत म्हणालो. आणि मग दादा नसल्याचं मला आठवलं.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “मग त्याचं करतात काय गं?”

“काही नाही काकू, वरचे शब्द जरा सरकवायचे. जागा होते.”

या लोकांच्या शास्त्रात दोष मजकूर मांडणाऱ्याचा असतो, उरलेल्या शब्दाचा नाही. पडद्यावर निमंत्रक म्हणून माझं आणि बायकोचं नाव ठसठशीत होतं. ‘पद्धतच आहे’ म्हणून ते मीच घालायला लावलं होतं. वहिनींचं नाव कुठेच नव्हतं.

“मुक्ता, काकूचं नाव आमच्या वर घाल,” मी म्हणालो.

वहिनी तांदूळ निवडायच्या थांबल्या. “मग सीमंतपूजनाला मी पुढे बसले तर चालेल ना, भाऊजी?”

वरमाईनं हे मला विचारावं? त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, तर मान वर करता आली असती.