नलूताईंचा पहिला घोट

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या पोरांना एक गोष्ट पाठ होती. दोनशे दोनमधल्या नलूताईंकडे काही प्यायचं नाही. त्यांच्या घराण्याने म्हणे इंग्रज साहेबाला सरबतातून विष दिलं होतं, आणि उरलेली पुडी अजून त्यांच्या फडताळात आहे. पुरावा काय? तर पाहुणा आला की ताई एकाच तांब्यातून दोन पेले भरतात, आधी स्वतःचा पितात आणि मग पाहुण्याचा त्याच्या हातात देतात.

"विष खाली बसतं," वरच्या मजल्यावरचा अनिश डोळे बारीक करून सांगायचा. "वरचं त्या पितात. तळातलं तुला."

पुडीबिडी काही नव्हती. ते फडताळ मी स्वतः उघडून पाहिलंय. हिंगाची डबी, देवाच्या वाती आणि सुतळीने बांधलेला पाकिटांचा गठ्ठा, बस. आणि नलूताईंच्या घराण्याने कुणाला विष दिलं नव्हतं. त्यांच्या पणजोबांनी पेला धुतला होता, एवढंच.

झालं होतं असं. अठराशे चौऱ्याहत्तर साली बडोद्याच्या इंग्रज रेसिडेंटने आपल्या सरबतात विष सापडल्याची बोंब केली. आळ महाराजांवर आला. इंग्रजांनी चौकशी नेमली, रेसिडेन्सीचे नोकरचाकर साक्षीला उभे केले, आणि शेवटी महाराजांना गादीवरून काढलंच. त्या नोकरांमध्ये विश्राम नावाचा पेले धुणारा एक माणूस होता. तो नलूताईंचा पणजा. महाराजांविरुद्ध खोटी साक्ष देऊन फुटला तो, असं घडियाळी पोळ या त्यांच्या गल्लीतल्या लोकांनी ठरवलं, आणि पुढच्या तीन पिढ्यांनी ते ऐकून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या घरात, एक वेळ सोडली तर, सरबत कधी झालं नाही. पाणी द्यायचं तर आधी आपण पिऊन दाखवायचं, ही रीत पडली. ज्यांना माहीत होतं ते हसायचे. ज्यांना माहीत नव्हतं ते बाहेर जाऊन म्हणायचे, "काय बाई आहे, पाहुण्याच्या आधी स्वतःच पिते!"

ताईंचा आवाज काढायला मला फार आवडायचं. खरं तर मला सगळ्यांचेच आवाज काढायला आवडतात. भाजीवाल्या काशीबेनचा, आमच्या लिफ्टचा, माझ्या आईचा ("मने, तोंड आवर, नाहीतर शिवून टाकीन"). पण ताईंचा आवाज म्हणजे दागिना होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक ट्रंक ऑपरेटर म्हणून, परगावचे कॉल जोडत. "हां नागपूर, बोला. सुरत, लाइनवर राहा. तीन मिनिटं झाली, वाढवायची?" कडक इस्त्रीचा आवाज. चढ नाही, उतार नाही. कुणाचा बाप गेला असो की कुणाला मुलगा झाला असो, तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. मग एसटीडी आली, नाक्यानाक्यावर पीसीओच्या पाट्या लागल्या, ट्रंक कॉल कुणी लावेना, आणि ताईंना बिलाच्या तक्रारींच्या टेबलावर बसवलं. शहाण्णवमध्ये त्या रिटायर झाल्या. सवय मात्र गेली नाही. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला त्या फ्लॅटच्या नंबराने हाक मारायच्या. मी एकशे दोन.

एकदा गणपतीत मी स्टेजवर त्यांची नक्कल केली. लोक लोळत होते. ताई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. खाली उतरले तर म्हणाल्या, "एकशे दोन, 'झाली' नंतर तू श्वास घेतलास. मी घेत नसे. गिऱ्हाईक मध्ये बोलतं."

तेव्हापासून मी रोज वर जायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन पेले भरले, आपला संपवला, माझा माझ्यापुढे सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी गटागटा प्यायले. अनिशला सांगायचं होतं ना, की जिवंत आहे.

लग्नाची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही नंबर सांगावा तशी. एकसष्ट साल. पाहुणे मुलगी बघायला आलेले. आईने हौसेने वाळ्याचं सरबत केलं. म्हणाली, किती वर्षं घाबरायचं, आता कोण आठवण ठेवतंय. तेवीस वर्षांच्या नलूताई ट्रे घेऊन बाहेर आल्या. मुलाच्या आत्याने पेला हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "अगंबाई, विश्रामच्या घरचं ना? मग आधी नवरदेवाला पाजा!" सगळे हसले. मुलगापण हसला. ताईंनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला, आत्याचाही घेतला, ट्रे उचलला आणि आत गेल्या.

"मग?"

"मग काय? आठही पेले मोरीत ओतले. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी होती."

"मुलगा चांगला होता?"

"दात चांगले होते. हसला तेव्हा दिसले."

मी खो खो हसले. त्या नाही हसल्या.

आता मुद्द्याचं. सत्त्याण्णवमध्ये स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या मराठी मंडळाने गणपतीत जाडजूड स्मरणिका काढली. त्यात कुणीतरी त्या सरबत-प्रकरणावर लेख लिहिला, आणि त्यात एक वाक्य होतं: 'साहेबाच्या उष्ट्या तुकड्यांसाठी विश्राम पेलेवाल्याने आपला राजा विकला.' आजवर लोक तोंडाने बोलायचे. आता ते छापून सहाशे घरांत गेलं.

ताई मंडळाचे चिटणीस संपतराव यांच्याकडे गेल्या. मीही गेले, कारण संपतराव म्हणजे माझी दिवाळी. तोंडात पान, मराठीत गुजराती, आणि दर दोन शब्दांनी 'आपलं हे'.

"आवो आवो नलूताई, बेसो! अरे, इतिहास आहे, आपलं हे, त्यात मनाला लावून काय घ्यायचं?"

"तो खोटं बोलला नाही, असं माझे आजोबा सांगायचे."

"आजोबा सांगणारच ने! कागद आणा, आपलं हे, कागद. छापील कागद असला तर बघू या."

कागद आणायचा कुठून? तर मुंबईच्या एक्स्चेंजवर मुकुंद नावाचे एक ऑपरेटर होते. ताई आणि ते वीस वर्षं एका लाइनीच्या दोन टोकांना बसले, 'बडोदे' आणि 'मुंबई' अशी एकमेकांना हाक मारत. भेट एकदाही नाही. ताईंनी त्यांना पत्र टाकलं. सत्तरीला आलेला तो माणूस दोन महिने एका जुन्या लायब्ररीत खेटे घालत राहिला, आणि नोव्हेंबरात रजिस्टरने पाकीट आलं. आत चौकशीच्या छापील कामकाजातल्या एका पानाची झेरॉक्स. सोबत एकच ओळ: 'बडोदे, तुमचा कॉल लागला. मुंबई.'

पान इंग्रजीत होतं. "एकशे दोन, तू वाच," ताई म्हणाल्या. "माझं इंग्रजी आकड्यांपुरतं."

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. साक्षीदार म्हणतो की, तो रेसिडेन्सीत पेले धुतो. साक्षीदार म्हणतो की, त्या दिवशी पेला त्यानेच धुतला. महाराजांच्या माणसाकडे पुडी पाहिली असं तो आधी पोलिसांना म्हणाला होता. आता साक्षीदार म्हणतो की, पुडी त्याने पाहिली नाही. मग आधी तसं का म्हणालास, असं विचारता साक्षीदार म्हणतो की, त्याला सोळा दिवस कोंडून ठेवलं होतं आणि घरी बायको ओली बाळंतीण होती. आता नोकरी गेली तरी चालेल, पण पुडी पाहिली नाही.

खाली साहेबाचा शेरा: हा साक्षीदार कामाचा नाही.

संपलं. त्याला पुढे काही विचारलंच नव्हतं.

ताईंनी पान माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "ते बाळ म्हणजे माझे आजोबा."

"म्हणजे त्याने साक्ष फिरवली, ताई! भर चौकशीत! साहेबांच्या तोंडावर!"

"आधी भ्याला," त्या म्हणाल्या. "तेपण छापायचं. दोन्ही छापायचं." मग माझ्याकडे वळल्या. "तुला सगळ्यांचे आवाज येतात ना? याचा काढ."

मी बसल्या जागी सुरू केलं. पाठ वाकवली, मान हलवली, थरथरत्या आवाजात म्हटलं, "म्या पुडी पाहिली न्हाय, सायेब..."

"थांब. म्हातारा नव्हता तो. सव्वीस वर्षांचा होता."

मी परत केलं. मग परत. जमलंच नाही. 'साक्षीदार म्हणतो की' याच्या मागे कुणाचा आवाज असतो? ताई कान देऊन बसल्या होत्या, लाइन लागायची वाट बघावी तशा. शेवटी म्हणाल्या, "राहू दे. नो रिप्लाय."

पान संपतरावांना दिलं. त्यांनी चष्मा लावला, चष्मा काढला. "वा वा. चोख्खा कागद. पुढच्या गणपतीच्या अंकात, आपलं हे, बघू या." जिन्यात मी उड्या मारत होते. ताई एकेक पायरी धरून उतरत होत्या.

पुढचा गणपती आला तेव्हा मला राहवेना. चार दिवस आधी खालच्या फोनवरून ताईंना फोन लावला, आणि नाकातून, पान चघळत, "हां नलूताई, संपतराव बोलतो. तुमचं पान, आपलं हे, नक्की छापलं हां!"

तिकडून आवाज आला, "एकशे दोन, फोन ठेव आणि वर ये."

वर गेले. मार बसेल वाटलं. त्या म्हणाल्या, "आवाज चांगला होता. पानसुद्धा ऐकू आलं. पण संपतराव 'नक्की' म्हणत नाहीत. ते 'बघू या' म्हणतात. तिथेच कळलं."

"बघू या म्हणजे होच ना, ताई!"

"पस्तीस वर्षं लोकांची बोलणी ऐकलीत मी. बघू या म्हणजे नाही."

"छापणार! लावा पैज! मी जिंकले तर तुम्ही सरबत करायचं. तुमच्या हाताने. आणि पहिला घोट मी घेणार, तुम्ही नाही."

ताई तांब्याकडे बघत राहिल्या. "आणि हरलीस तर?"

"तुम्ही सांगाल ते."

"हरलीस तर माझी नक्कल बंद. कायमची. मी गेल्यावरसुद्धा."

"मंजूर!" म्हटलं. मला काय, मी जिंकणारच होते.

अंक आला त्या संध्याकाळी मी धावत वर गेले. ताईंनी चष्मा लावून पहिल्या पानापासून बोट फिरवायला सुरुवात केली. अध्यक्षांचं मनोगत. आरती. दहावीतले गुणवंत. कूलरची जाहिरात, पेजरची जाहिरात. चौसष्टाव्या पानावर संपतरावांच्या नातवाला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, पानभर, टोपीतल्या फोटोसह. मग मागचं कव्हर. ताईंनी अंक मिटला आणि पुन्हा पहिल्या पानापासून बोट फिरवलं. मी सांगत होते, "ताई, नाहीये," तरी फिरवलं.

"जिंकले मी," त्या म्हणाल्या. त्याच पट्टीत. चढ नाही, उतार नाही.

मला पाणी हवं होतं म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सहा लिंबं होती, धुऊन, पुसून, ओळीने मांडलेली. शेजारी साखरेचा डबा, आणि दोन नवे काचेचे पेले, लहरीपुऱ्यातल्या दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

मी पाणी न पिताच बाहेर आले.

फेब्रुवारीत नलूताई गेल्या. झोपेतच. बाराव्या-तेराव्याचं त्यांच्या भाच्याने केलं. मुंबईहून मुकुंदकाका आले होते, काठी टेकत. ताईंच्या फोटोसमोर ते हळूच "बडोदे" म्हणाले आणि खाली बसले. अख्खं मंडळ जेवायला होतं. पंगत उठल्यावर संपतरावांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "मने, एकवार नलूताईंचा आवाज काढ ने. ते, आपलं हे, 'तीन मिनिटं झाली'. तुझ्यासारखा कुणाला येत नथी. एकवार ऐकू दे."

सगळ्यांनी माना वर केल्या. मुकुंदकाकांनीसुद्धा. आवाज माझ्या गळ्यात होता, अगदी तसाच, श्वास न घेता.

"नाही काढता येणार," मी म्हटलं. "ताईंशी पैज हरलेय मी."

"पैज? शेनी, कशाची पैज?"

"तुमच्यावर लावली होती, काका."