मोटारीच्या खोलीतले शार्क

आमच्या मळ्यात विहिरीजवळ मोटारीची खोली आहे. तिच्या आतल्या भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या चार ओळी आहेत. अक्षर माझ्या मोठ्या भावाचं. तो गेल्याला आठ महिने झाले. दिवाळीआधी खोलीला चुना द्यायचा असं वहिनीने ठरवलं आहे, म्हणून आधी हे लिहून ठेवते.

दादा दहावीपर्यंत शिकला आणि पुढे फुलांतच राहिला. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. मी शिकत गेले आणि गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. लग्न केलं नाही, घर तेच राहिलं. दादाने समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला असेल. तरी दुपारी जेवण झालं की तो टीव्हीवर शार्कचे कार्यक्रम लावून बसायचा. गळ्यात तुळशीची माळ, बिस्किटात अंडं तर नाही ना हे पुडा उलटून बघणारा माणूस, आणि समोर जबडे.

"माळकऱ्याच्या घरात हे काय चाललंय?" वहिनी म्हणायची.

"बघतोय फक्त. खात नाय."

कार्यक्रमात किंवा मोबाइलवर शार्कबद्दल काही ऐकलं की तो ते मला सांगायचा आणि मी ग्रंथालयातून खरंखोटं काढून आणायचे. निकाल तो मोटारीच्या खोलीत लिहायचा. पहिली ओळ आहे: रक्ताचा थेंब कोसावरून कळतो – खोटं. मी त्याला सांगितलं होतं की नाक तीक्ष्ण असतं हे खरं, पण वास पाण्याबरोबर वाहत त्याच्यापर्यंत यावा लागतो. त्याला पटलं नाही. गुलाब तोडताना बोटात काटा गेला होता, ते बोट त्याने हौदातल्या गप्पी माशांवर धरलं. बोटाची सावली पडताच सगळे मासे तळाला पळाले.

"दादा, हे गप्पी आहेत."

"मासा तो मासा. तुझं पुस्तक बरोबर हाय, मास्तरीणबाई."

दुसरी ओळ: पोहायचा थांबला की मरतो – अर्धं खरं. काही जातींना पोहत राहावंच लागतं, काही तळाशी निवांत पडून असतात. हा निकाल त्याला फार आवडला. "अर्धं म्हणजे पन्नास मार्क. मी पस्तिसावर पास झालेलो. अर्धं खरं म्हणजे पासच की." तिसरी ओळ माणूस दिसला की शार्क खातो याची. तिच्यापुढे खोटं लिहिलं आहे.

मग त्याच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन होण्यासारखं आहे, वेळ घालवू नका. दादा मान हलवत होता, पण त्याने खुर्चीचा हात घट्ट धरलेला मी पाहिला. पोट चिरायचं या कल्पनेनेच तो खचला होता.

त्याच आठवड्यात सटाण्याहून वहिनीचे मामा भेटायला आले. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकची बरणी काढली. आत करड्या रंगाची भुकटी. शार्कला आपल्यासारखी हाडं नसतात, कानाच्या वरच्या कडेसारखा लवचिक, कूर्चेचा सांगाडा असतो. तो वाळवून दळलेला. "शार्कला कॅन्सर होतच नाय," मामा म्हणाले. "रोज दोन चमचे. चिरायचं कामच नाय."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "उद्या बघून ये. तू खरं म्हणालीस तर घेईन. खोटं म्हणालीस तर गुपचूप ऑपरेशनला जाईन. तुझ्या शब्दावर."

दुसऱ्या दिवशी मला फार शोधावंही लागलं नाही. शार्कला कॅन्सर होतो. त्यांच्या अंगात गाठी सापडलेल्या आहेत, त्या कूर्चेतसुद्धा. आणि तसं नसतं तरी त्याचा सांगाडा खाऊन माणूस बरा कसा होईल? पुस्तक मिटलं, रिक्षा केली, घरी आले. रस्ताभर एकच शब्द मनात घोळवत होते.

घरात शिरले तर दादा देवघरासमोर पाटावर बसला होता. गळा उघडा. लग्नाच्या आधीपासून असलेली माळ त्याने काढून देवापुढे तांब्याच्या ताटलीत ठेवली होती. माळ घालून मासळीची भुकटी पोटात कशी घालायची, म्हणून. मानेवर माळेच्या जागी फिकट पट्टा दिसत होता. वहिनी दाराआड डोळे पुसत होती.

"काढली," तो म्हणाला. "आता सांग."

मी म्हणाले, "अर्धं खरं."

त्याचं अर्धं म्हणजे काय होतं ते मला चांगलं माहीत होतं.

तो लहान मुलासारखा हसला. संध्याकाळच्या आत चौथी ओळ भिंतीवर लिहून आला. मी रोज ठरवायचे की उद्या सांगू. तो नाक दाबून भुकटी पाण्यातून घ्यायचा आणि मला म्हणायचा, "आज कमी दुखतंय." असे अडीच महिने गेले. मग एका सकाळी तो फुलांच्या वाफ्यातच बसला, उठेना. डॉक्टरांनी नवे फोटो पाहिले आणि ऑपरेशनचा विषय काढलाच नाही.

शेवटच्या दिवसांत वहिनीने विचारलं, माळ घालू का? तो म्हणाला, "तोंडाला अजून वास येतो. राहू दे." त्याला तसंच नेलं.

काल वहिनी चुना भिजवायला मोटारीच्या खोलीत आली तेव्हा मी तिथे होते. तिने ओळी वाचल्या. चौथीवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, ह्यातलं अर्धं कुठलं खरं होतं?"

"कुठलंच नाही. सगळं खोटं होतं. मला त्याच दिवशी माहीत होतं."

तिने भिंतीवरचं बोट काढून घेतलं. मी म्हणाले, "त्याने माळ काढली होती, वहिनी. गळा उघडा बघून खरं सांगायचा मला धीरच झाला नाही. एवढी मोठी गोष्ट त्याने फुकट केली असं कसं सांगू?"

"माळ परत घालता आली असती," वहिनी म्हणाली.

तिने चुन्याची बादली उचलली आणि माझ्याकडे न बघता बाहेर नेऊन ठेवली. आज ती माझ्याशी बोललेली नाही. भिंत तशीच आहे.