दोनदा तपासलेली मुलगी

अंगणवाडीची बाई परवा कागद घेऊन घरी आली. नातवाबद्दल विचारत होती: हाक मारली की पाहतो का, बोटानं दाखवतो का. सून सगळ्याला 'हो, हो' म्हणत सुटली. माझं डोकंच फिरलं. "खरं सांग वं बाई! सरकार दारात आलं तं खोटं काऊन सांगून राह्यली?" बिचारी दचकली. खोटं बोलण्यात मी किती हुशार होते, हे तिला काय ठाऊक!

महाराष्ट्र तेव्हा नवानवा झालेला. मोताळ्याकडच्या आमच्या गावात पोरं तपासायला सरकारी डॉक्टर जीपनं येत. मी नऊ वर्षांची, धाकटी बहीण सातची. ती बोलत नसे, हाकेला वळत नसे. ज्वारीचे दाणे ओळीनं मांडत बसायची, आणि ओळ मोडली की भिंतीवर डोकं आपटायची. शाळेचा पट भरावा म्हणून मास्तरांनी तिचं नाव पहिलीत घातलेलं. डॉक्टर येणार कळल्यावर माय म्हणाली, "तिचं नाव पुकारलं की तूच जाय. घरात येडी हाय हे लोकायले समजलं तं तुह्यं लगन कोण करीन?"

तिसरीच्या रांगेत माझी तपासणी झाली. मग मायनं शाळेमागं नेऊन माझ्या दोन वेण्यांची एक केली, परकर बदलला आणि पहिलीच्या रांगेत ढकललं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, पाढा विचारला. मी बहिणीच्या नावानं घडाघडा म्हटला. त्यांनी 'निरोगी' लिहिलं. मग मास्तरांना म्हणाले, "न बोलणारं, आपल्याच नादात राहणारं मूल आहे का कुणी? नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो." मास्तरांनी सगळं पाहिलं होतं, तरी 'नाही' म्हणाले. मला तर भारी गंमत वाटली. जळो मेली ती गंमत!

दोन वर्षांनी बहिणीनं कपाळ फोडून घेतलं. बा ती चिठ्ठी मागायलाच आम्हा दोघींना त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं. "ही तर चांगली बोलत होती. पाढा म्हटला होता. कधीपासून बंद झाली?"

खोटं उघडं पडेल म्हणून बा बोलून गेला, "झाडावरून पडली साहेब."

डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. धक्क्यानं वाचा गेली असेल, येईल परत, चिठ्ठीची गरज नाही, म्हणाले. ताकदीच्या औषधाची बाटली दिली. मग माझ्याकडे वळले. "खरंच पडली का गं?"

बोलले तर आवाज ओळखतील, या भीतीनं मी तोंड उघडलं नाही.

पुढं माय-बा कापूस वेचायला गेले की ती गोठ्यात दाव्यानं बांधलेली असे. शाळेतून आले की मी सोडायची. मनगटावरचा वळ काही जाईना. पंधराव्या वर्षी तापात गेली. कुठं दुखतंय हेही तिला सांगता आलं नाही.

तेव्हा मी सासरी होते. घर चांगलं मिळालं होतं मला.