गोलमध्ये दर्शना

दर्शना सावंत घाटकोपरला राहते, बसमध्ये कंडक्टर आहे. बर्फ तिने पाहिलेला तो मासळीच्या पाटीतला आणि उसाच्या रसातला. नवरा गेल्यापासून घरात ती आणि मुलगी निधी, दोघीच. निधी चाकांच्या स्केटवर हॉकी खेळायची. मग अंधेरीच्या एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान झालं आणि तिथे मुलींची आइस हॉकी सुरू झाली, तशी निधी तिकडे जायला लागली. मैदान कसलं, लग्नाच्या हॉलएवढी जागा. दिवसभर तिथे मुलांचे बर्थडे, म्हणून सराव सकाळी, मॉल उघडायच्या आत. बाहेर घामाच्या धारा आणि आत दर्शना स्वेटर घालून बाकावर.

गोल सगळ्याच मुलींना मारायचे होते, अडवायला कोणी तयार नव्हतं. या हॉकीत चेंडूऐवजी कडक रबरी चकती असते, ती सणसणत अंगावर येते. एका रविवारी कोच प्रबुद्ध वैतागून म्हणाला, "काकू, तुम्ही राहता का गोलमध्ये? नुसतं उभं राहायचं."

"अरे, पडेन मी!"

"पडलात तरी गोल अडेल ना."

पायांना जाड गाद्या बांधल्यावर तिला वाकता येईना. निधीनेच खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या आवळल्या. "आई, प्लीज, लाज नको काढूस हं."

दर्शना सारखी पडत राहिली. मग एकदा चकती तिच्या गुडघ्यावर आपटून परत गेली आणि सगळ्या मुली ओरडल्या. रिक्षात ती गुडघा चोळत बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "निधी, पुढच्या रविवारी पण मीच उभी राहू का गं?"

दोन वर्षांनी संघ हिमाचलला गेला, गोलमध्ये दर्शनाच. तिथे उघड्यावर गोठलेलं तळं, आणि समोर लहानपणापासून बर्फावर वाढलेल्या मुली. उंचावरच्या विरळ हवेत मुंबईकरणींना धापच लागली. गोलावर गोल झाले. सामना संपल्यावर दर्शना तिथेच बर्फावर बसली. निधी घसरत जवळ आली.

"आई, किती अडवलेस बघितलंस?"

"गेलेलेच दिसतात गं."

"मला अडवलेले दिसले." निधीने तिला मिठी मारली. दोघींची हेल्मेटं एकमेकींवर आपटली आणि रडता रडता त्या हसायलाच लागल्या.

पुढे मॉलने ते मैदान बंद केलं. आता तिथे कपड्यांचं दुकान आहे. मुली मुलुंडच्या एका सिमेंटच्या कोर्टावर, चाकांच्या स्केटवर सराव करतात. निधी शिकायला पुण्याला गेली. आता काकू काही यायच्या नाहीत, असंच प्रबुद्धला वाटलं होतं. पण दर्शनाचा रविवार चुकला नाही.

"मी नसताना कशाला जातेस दर रविवारी?" निधीने फोनवर विचारलं.

"तुझ्यासाठी यायचे तेव्हा बाकावर बसायचे," दर्शना म्हणाली. "गोलमध्ये उभं राहायला मला आवडतं."

निधी हसली. मग म्हणाली, "झकास."

यंदा संघ पुन्हा हिमाचलला निघालाय. दर्शनाची रजा मंजूर झाली आहे. निधीही येते आहे, पण खेळायला नाही. परीक्षेमुळे तिचा सराव झालेला नाही. ती फक्त आईचे सामने बघणार आहे.