चमचाभर दही-साखर

माझ्या डोक्यातली गाठ काढून वर्ष झालं होतं आणि नव्या फोटोत त्याच जागी एक डाग दिसला. किरणं दिल्याचा वण आहे की गाठ परत आली, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. त्यासाठी अंगात किरणोत्सारी साखर सोडायची ठरली. गाठ जिवंत असेल तर ती ही साखर अधाशासारखी ओढते आणि यंत्रात उजळून दिसते. म्हणजे डोकं माझं आणि पंगतीत पहिला मान तिचा.

सकाळपासून पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. बजाजनगरहून रिक्षानं आई आणि मी स्कॅन सेंटरवर पोचलो. सुई लावणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, काही खाल्लं नाही ना?" मी छातीठोकपणे नाही म्हणालो. पाचोडसारख्या खेड्यात आयुष्य काढलेल्या आईला ही घराण्याची बेअब्रू वाटली असावी.

"उपाशीच हाय. पर रिकाम्या तोंडानं कसं धाडीन? दारात दही-साखर दिली ना म्या!"

आता दही-साखर म्हणजे काय खाणं झालं? परीक्षेला, मुलाखतीला, कुठंही निघालं की ती तळहातावर पडते आणि हात आपोआप तोंडाकडे जातो. गणिताच्या पेपरला ती खाऊनच मी नापास झालो होतो. आईच्या श्रद्धेला त्यानं ओरखडाही आला नाही.

"आज नाही जमणार," मुलगी म्हणाली. "पोटात साखर गेली की फोटो फसवतो." ते किरणोत्सारी औषध रोज बाहेरगावाहून शिशाच्या डब्यात येतं आणि ठेवल्या जागी विरत जातं. ते माझ्यासाठी थांबणार नव्हतं.

"तुमची साखर चालती, अन् माझी नाय व्हय?" आईनं विचारलं. मुलीनं मला उद्याची वेळ लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी मी कोरड्या तोंडानं निघालो. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. सुई टोचून मला अंधाऱ्या खोलीत निजवलं. बोलू नका, डोकं शांत ठेवा, म्हणाले. ज्या डोक्यापायी हा सगळा खटाटोप, तेच शांत ठेवायचं!

डाग उजळला. गाठ परत आली होती. मी घाबरलो, लई घाबरलो.

"बघ," आई म्हणाली, "दही न देता धाडलं."

मी ऑपरेशनची तारीख घेतली.

ऑपरेशनच्या दिवशीही उपाशीपोटीच जायचं होतं. आई वाटी घेऊन दारात उभी. मी मान हलवली. तिनं वाटीवर झाकण ठेवलं, फ्रिज उघडून ती आत सरकवली आणि मला दटावलं, "हिला कुणी हात लावायचा नाय. तू येऊन खायचं."